नुसत्या काँक्रीटच्या हॉटेलात रात्र काढलीय का कुणी?

वळचण

इमारत बाहेरून बघून येणं निराळं आणि तिच्या पोटात झोपणं निराळं, हे मला फ्रान्समधल्या मार्सेलला कळलं.

ब्रुटलिस्ट इमारतींचे फोटो जमवायचा नाद मला जुनाच. गिलावा नाही, रंग नाही, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच अंगावर वागवणारं काँक्रीट. पण आजवरचं सगळं बघणं रस्त्याच्या पलीकडून, मान वर करून. या खेपेला ठरवून ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टच्या 'युनिते दाबितासिओं'मध्ये दोन रात्री राहिले. १९५२ साली पुरी झालेली इमारत, ३३७ घरं आणि तिसऱ्या मजल्यावर एक छोटं हॉटेल. म्हणजे बाकी सगळे तिथे संसार करतायत आणि आपण दोन दिवसांचे शेजारी. लिफ्टमध्ये एक आजी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की मी तो मुकाट्याने बॅगेत टाकला.

कॉरिडॉर अंधारा. त्याला ते 'आतला रस्ता' म्हणतात. घरं दुमजली आणि एकमेकांत अडकवलेली असल्यामुळे असा रस्ता दर तीन मजल्यांनी एकदाच लागतो. रंगीत दारं, प्रत्येकावर मंद दिवा. आधी जरा कोंदट वाटलं. मग दार उघडलं आणि समोर एकदम उजेड, गच्चीच्या रंगवलेल्या बाजू आणि पलीकडे समुद्र. तो अंधार मुद्दाम ठेवलाय की काय असं वाटण्याइतका फरक.

छत मात्र बुटकं आहे. २.२६ मीटर. हात वर केलेल्या सहा फुटी पुरुषाचं माप म्हणे. मी पाच फूट एक इंच. टाचा उंचावून, हातात वही उभी धरून, तेव्हा कुठे ते टेकलं.

तर विचारायचं असं की आणखी कुणी राहिलंय का अशा ठिकाणी? फोटोत भारी आणि राहायला शिक्षा, असं तर नाही ना होत? मला स्वतःला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

दमलेला घोडा

रुमाल टाकून ठेवतोय. निवांत वाचतो.

चष्मिष्ट

मला आधी हे सांगा, ब्रुटलिझम म्हणजे क्रूरपणाच ना? नावातच सगळं आलं की मग. सुट्टीला जायचं आणि पार्किंगच्या तळघरात झोपायचं! (हलके घ्या.)

सळई

नाही हो चष्मिष्ट, क्रूरपणाशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये 'बेतों ब्रूत' म्हणजे कच्चं, काही न चढवलेलं काँक्रीट. ल कॉर्बुझिए वळचण यांच्या त्या मार्सेलच्याच इमारतीबद्दल हा शब्द वापरायचा. पुढे इंग्लंडमध्ये ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या आर्किटेक्ट नवराबायकोंनी १९५३ मध्ये 'न्यू ब्रुटलिझम' म्हटलं, १९५५ मध्ये समीक्षक रेनर बॅनमने त्यावर गाजलेला लेख लिहिला आणि नाव चिकटलं. गंमत अशी की त्याआधीच स्वीडनमध्ये हान्स आस्प्लुंडने थट्टेत तसाच शब्द काढला होता, तोही एका विटांच्या घरावरून. स्मिथसनांची हन्स्टंटनची शाळा तर पोलाद, काच आणि विटांची. म्हणजे काँक्रीट हवंच असं नाही. जे साहित्य वापरलं ते न लपवणं, हे मूळ.

आपल्याकडे 'कोरं' म्हणतात ना, न धुतलेलं कोरं कापड, त्या अर्थाने मी कोरं काँक्रीट म्हणतो.

निळा डबा

मी 'निबर' म्हणते. नको तितक्या दिवसांनी तोडलेल्या भेंडीसारखं.

सळई

निबर! मान्य. काही इमारतींना अगदी लागू.

मौनीबाबा

वळचण, उत्तम धागा. माझा अनुभव तुमच्यापेक्षा एक पायरी पुढचा (की खालचा?) आहे.

लिऑंजवळ एव्हू गावाबाहेर ला तूरेत नावाचा डॉमिनिकन पंथाचा ख्रिस्ती मठ आहे. तोही ल कॉर्बुझिएचाच, १९६० साली पुरा झालेला. तिथे पाहुण्यांना राहता येतं, साधूंसाठी बांधलेल्या खोल्यांमध्येच. ते हॉटेल म्हणावं का, माहीत नाही. पण रात्र काढायचा प्रश्न विचारलायत तर हे उत्तर टाळता येत नाही.

खोली १.८३ मीटर रुंद, ५.९२ लांब, २.२६ उंच. म्हणजे खोली नव्हे, बोळ. माझी उंची पाच फूट सात इंच. मधोमध उभा राहून हात पसरले तर दोन्ही भिंती चार-चार बोटं लांब राहतात. पलंग, टेबल, बेसिन आणि टोकाला एक गच्ची. संडास-बाथरूम सामाईक. भिंतींना खरखरीत गिलावा मारलेला आहे (हो सळई, तिथे गिलावा आहे!). झोपेत कूस बदलली की कोपर खरवडतं. पहिल्या रात्री दोनदा शिव्या घातल्या, मठात आहोत हे विसरून.

पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगतो. इमारत डोंगरउतारावर पायांवर उभी आहे. आपण वरच्या अंगाने आत शिरतो आणि मग खाली खाली उतरत जातो. खोल्या सगळ्यात वर, प्रार्थनेची जागा तळाशी. मधल्या वाटांना जमिनीपासून छतापर्यंत काचा आहेत आणि त्यांच्या मधल्या काँक्रीटच्या पट्ट्या कुठे दाट, कुठे विरळ. चालताना उजेड तालात पडतो. ते अंतर यानिस झेनाकिसने ठरवलेलं. तो तेव्हा ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात काम करणारा इंजिनीअर, पुढे मोठा संगीतकार झाला. हे मला आधी ठाऊक नव्हतं. मी नुसताच त्या वाटेवरून चारदा गेलो-आलो, का ते कळत नव्हतं.

चर्च म्हणजे निव्वळ खोकं. प्रचंड, जवळजवळ रिकामं. खोकलं तरी तो खोकला छताला जाऊन परत येतो. बाजूच्या वेदींवर छतातल्या मोठ्या गोल भोकांतून रंगीत उजेड उतरतो. संध्याकाळी मोजके साधू गायला लागले तेव्हा एकेका स्वराची शेपटी पुढच्या स्वरावर पडत होती. तिथे भराभर गाताच येणार नाही.

रात्री त्या बोळात परतल्यावर तो मला लहान वाटला नाही. पुरेसा वाटला. आता कुणी विचारलं आरामशीर होतं का, तर नाही. परत जाल का, तर उद्या.

निळा डबा

किती छान लिहिलंय! खरवडलेल्या कोपरासह.

चष्मिष्ट

मौनीबाबांचं वाचून जरा नरम पडलोय, पण माझी कहाणीही ऐका. सत्तरच्या दशकातल्या एका उंच काँक्रीटच्या हॉटेलात चार रात्री राहिलो होतो. नाव घेत नाही. बाहेरून खरंच जबरदस्त, दातेरी कंगवा उभा केल्यासारखं. आत शिरलो तर काय? खोट्या छताच्या पांढऱ्या फरश्या, फुलाफुलांचा वॉलपेपर, जाड गालिचा आणि त्या गालिचाला कुबट वास. खिडकी उघडत नाही. हवा कुठूनशी घरघरत यायची. वरच्या मजल्यावर कुणीतरी रात्री दोन वाजता खुर्ची सरकवायचं आणि ती माझ्या उशीत सरकायची. वायफाय दारापाशी येऊन परत जायचं. लाज वाटल्यासारखं त्यांनी ते काँक्रीट झाकून टाकलं होतं. म्हणजे बाहेरचा तुसडेपणा पुरेपूर आणि आतला सच्चेपणा शून्य.

सळई

चष्मिष्ट, तुमची खुर्ची अगदी पाठ्यपुस्तकातली आहे. काँक्रीट जड असल्यामुळे बोलण्याचा, टीव्हीचा आवाज चांगला अडवतं. शेजारचा माणूस घोरत असला तरी कळणार नाही. पण स्लॅबवर थेट आदळलेला आवाज, म्हणजे टाचा, खुर्ची, पडलेला पेला, तो सगळ्या सांगाड्यातून धावतो. त्यावर उपाय वरच्या खोलीच्या जमिनीत करावा लागतो, तुमच्या छतात करून फारसा उपयोग नाही. शक्यतो सगळ्यात वरचा मजला मागावा.

वायफायचं कारण तेच, जाड भिंत आणि तिच्यातली सळ्यांची जाळी. ज्या हॉटेलाने खोलीखोलीत यंत्र बसवलं नाही तिथे दाराशी बसून काम करावं लागतं.

गारवा-उबेचं थोडं गुंतागुंतीचं आहे. काँक्रीट सावकाश तापतं, सावकाश निवतं. ज्या हवेत दिवस गरम आणि रात्र थंड, तिथे हे वरदान. रात्रीही उकडत असेल तर मात्र दिवसभर प्यालेली उष्णता भिंत तुमच्या अंगावर ओतते. आणि थंड देशांत त्या काळच्या इमारतींचा खरा दोष म्हणजे आतला स्लॅब तसाच बाहेर काढून गच्ची केलेली असते, त्यातून ऊब सरळ बाहेर निघून जाते. वर एकेरी काचा. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसते ती याचमुळे. खोलीचे फोटो बघताना मी आधी ते कोपरे बघतो.

जाता जाता, हे काँक्रीट 'अमर' वगैरे नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, काँक्रीटचा अल्कधर्म कमी होतो, आतल्या सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरचे पोपडे उडतात. बाहेरून चौकोनी ठिगळं दिसली तर घाबरू नका, कुणीतरी निगा राखतंय. ठिगळं नसून तांबडे ओघळ असतील तर मात्र दुसरीकडे बघा.

दमलेला घोडा

सळईसाहेब, मी बुकिंगच्या वेळी फक्त नाश्ता आहे का ते बघायचो. आता कोपरे, ओघळ, वरचा मजला... पुरता वेडा होणार मी.

उनाडपक्षी

मी मार्सेलमध्ये राहिलोय.

वळचण

अरे वा! कुठल्या बाजूची खोली? समुद्राकडची?

उनाडपक्षी

समुद्र नाही, महामार्ग. :) तुमचं मार्सेल गाव, माझं मार्सेल हॉटेल. अमेरिकेत न्यू हेवनला. मार्सेल ब्रॉयर या आर्किटेक्टने एका रबर कंपनीसाठी बांधलेली कचेरी, १९७० ची. वरचे मजले आणि खालचे मजले यांच्यात मोठी मोकळी फट आहे, खाली प्रयोगशाळा, वर ऑफिसं, म्हणून. लांबून बघितलं तर कुणीतरी इमारतीचा मधला घास खाल्ल्यासारखं दिसतं. पुढे ती जागा आयकियाने घेतली आणि खालच्या अंगाचा बराच भाग पार्किंगसाठी पाडला. उरलेलं धूड कित्येक वर्षं रिकामं. मग ब्रूस बेकर नावाच्या आर्किटेक्टने ते विकत घेऊन २०२२ मध्ये १६५ खोल्यांचं हॉटेल केलं.

सळईंनी सांगितलेले सगळे दोष तिथे मुळापासून काढलेत. तिहेरी काचा, आतून भरभक्कम इन्सुलेशन, गॅस अजिबात नाही, सगळं विजेवर, आणि ती वीज छतावरच्या आणि पार्किंगच्या मांडवांवर बसवलेल्या सौर पट्ट्यांतून. खिडकीतून महामार्गावरचे ट्रक दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. मूकपट. खिडक्या त्या काँक्रीटच्या साच्यांत खोल बसवलेल्या असल्यामुळे ऊनही बेताने आत येतं. ती हुशारी मात्र ब्रॉयरची, पन्नास वर्षांपूर्वीची.

आता तक्रार. खोलीत काँक्रीट कुठेच नाही. गुळगुळीत भिंती, उबदार लाकूड, मऊ गादी. डोळे मिटले तर कुठल्याही चांगल्या हॉटेलात आहोत. खिडकीतून डोकं बाहेर काढून आपल्याच इमारतीकडे बघावं असं वाटत होतं.

मौनीबाबा

हेच तर! मग तिथे राहिलात असं म्हणायचंच कशाला? काँक्रीटच्या डब्यात ठेवलेलं साधं हॉटेल झालं ते.

सळई

असहमत. ती इन्सुलेशन आतून नसती घातली तर बाहेरून घालावी लागली असती, म्हणजे दर्शनी भाग झाकला गेला असता. नाहीतर काहीच न करता इमारत पडली असती. तिथे निवड 'कोरी भिंत की मऊ भिंत' अशी नव्हतीच. 'हॉटेल की आणखी पार्किंग' अशी होती.

मौनीबाबा

बरं. हे मान्य करावं लागेल. पण मान हलवून नाही, नुसती पापणी लववून.

कडेलोट

ब्रॉयरचा विषय निघालाच आहे तर फ्लेन विसरू नका. फ्रेंच आल्प्समधलं अख्खं स्कीइंगचं गाव त्याने बांधलंय, साठच्या दशकात. तिथल्या भिंतींचे साचे हिऱ्याच्या पैलूंसारखे तिरपे कापलेत, त्यामुळे दुपारी एकाच भिंतीवर पाच करडे रंग दिसतात. एका हॉटेलची गच्ची तर कड्याच्या बाहेर अधांतरी काढलीय. चौकात पिकासो, द्युब्युफे आणि वासारेली यांची मोठमोठी शिल्पं. बर्फ पडलेला असताना करडं काँक्रीट उबदार दिसतं, यावर विश्वास ठेवा. बर्फ वितळल्यावर जाऊ नका, एवढंच सांगेन. उन्हाळ्यात गेले होते, चिखलात उभ्या राहिलेल्या कारखान्यासारखं दिसत होतं.

निळा डबा

लंडनच्या 'द स्टँडर्ड'मध्ये कुणी? सेंट पँक्रस स्टेशनच्या समोर. १९७४ च्या सरकारी कचेरीचं २०१९ मध्ये हॉटेल केलंय. गोल कोपऱ्यांच्या खिडक्या, एकाच साच्यातून ओतलेल्या, आणि बाहेरच्या भिंतीवरून वरखाली जाणारी लालभडक लिफ्ट. करड्या कपाळावर टिकली लावल्यासारखी! खाली पूर्वी वाचनालय होतं, म्हणून लॉबीत पुस्तकांची कपाटं ठेवलीत. मी राहिले नाही, नुसती लिफ्टने वर जाऊन आले. ते चालतं का या धाग्यात?

वळचण

चालतं! टिकली आवडली.

कडेलोट

एक जरा उदास करणारा मुद्दा. ज्यात राहता येईल अशी ही हॉटेलं वेगाने संपतायत. प्रागचं हॉटेल प्राहा, कम्युनिस्ट पक्षाच्या बड्या पाहुण्यांसाठी बांधलेलं, डोंगराच्या वळणाबरोबर वळत जाणारं, विरोध होऊनही २०१४ मध्ये पाडलं. ट्यूनिसचं हॉटेल दु लाक, उलटा पिरॅमिड, १९७३ चं, २००० पासून बंदच होतं आणि २०२५ मध्ये त्यावर हातोडा पडला. क्रोएशियातल्या क्र्क बेटावरचं हालुदोवो, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थाटात उघडलं, आता फुटक्या काचा आणि आत उगवलेली झुडपं. पोलंडमधल्या क्राकोचं 'फोरम' हॉटेल म्हणून बंद झालं, खाली कॅफे चालतो. दिल्लीचं अकबर हॉटेल, आर्किटेक्ट शिवनाथ प्रसाद यांचं, तिथे आता सरकारी कचेऱ्या.

पडक्या हालुदोवोचे फोटो मात्र चालू असतानापेक्षा जास्त फिरतात. आपल्यालाही बहुतेक मेलेलं काँक्रीटच जास्त आवडतं.

उनाडपक्षी

एक जिवंत आहे अजून. चेक देशातल्या कार्लोव्ही व्हारीचं हॉटेल थर्मल. व्हेरा आणि व्लादिमीर माखोनिन या दांपत्याचं काम, १९६७ ते १९७६ असं रेंगाळत बांधलेलं. दरवर्षी तिथला मोठा चित्रपट महोत्सव याच इमारतीत भरतो, सिनेमागृहं पोटातच आहेत. वर टेकडीवर पोहण्याचा तलाव. सगळ्या गावात साखरेच्या केकसारखी जुनी नक्षीदार घरं आणि मध्ये हा पठ्ठ्या. माखोनिनांनी आतल्या खुर्च्या-दिव्यांपर्यंत सगळं आखलं होतं. अलीकडच्या नूतनीकरणात त्यातलं बरंच गेलं आणि त्यावरून तिथे मोठं वादळ झालं. म्हणजे चष्मिष्ट यांचा वॉलपेपर आणि हे, रोग एकच.

चष्मिष्ट

निदान माझ्या रोगाला नाव मिळालं.

दमलेला घोडा

आणि हल्ली जी नवी नवी काँक्रीटची हॉटेलं निघालीत त्यांचं काय? मेक्सिकोत पुएर्तो एस्कोंदिदोला 'कासा टीओ' बघितलं, लुडविग गोदफ्रुआ नावाच्या आर्किटेक्टचं. जमिनीखालच्या जुन्या हौदासारखं, पाणी आणि कमानी. नऊच खोल्या. फोटो बघून जीव गलबलला हो.

मौनीबाबा

सुंदर आहे, वाद नाही. पण मला एक बोचतं. मार्सेलची इमारत युद्धात घरं गेलेल्यांच्या सोयीसाठी उभी राहिली. काँक्रीट उघडं ठेवलं त्यात पैशांची चणचण हेही एक कारण होतं. आता तेच उघडं काँक्रीट नऊ खोल्यांत, निवडक लोकांसाठी.

वळचण

मौनीबाबा, मार्सेललाही फार वेगळं नाही. तिथे इमारतीच्या माथ्यावरच्या गच्चीवर आता कलादालन आहे, शेजारी छोट्या मुलांसाठी उथळ तलाव आणि हवेसाठी काढलेल्या, शिल्पासारख्या मोठ्या चिमण्या. मी वर गेले तेव्हा अर्धे लोक फोटो काढत होते, अर्ध्यांची पोरं पाण्यात. सुरुवातीला गावकऱ्यांनी या इमारतीला 'वेड्याचं घर' असं नाव ठेवलं होतं. आता त्याच वेड्याच्या घराला जागतिक वारसा म्हणतात, २०१६ पासून. पण त्या आजी भाजी घेऊन लिफ्टमध्ये होत्या ना, त्यामुळे मला तिथे हॉटेल असणं खटकलं नाही. त्या नसत्या तर खटकलं असतं. धागा काढताना हे मला सांगता येत नव्हतं.

आणि हो, चष्मिष्ट, मला झोप छान लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीच्या गच्चीत बसले होते, ऊन तिरपं आलं आणि कठड्याच्या काँक्रीटमध्ये फळीवरची गाठ उमटलेली दिसली. लाकडाच्या रेषा, गाठीभोवती वळलेल्या. १९५२ च्या आधी कधीतरी कुठल्या तरी झाडाला तिथे फांदी होती.

दमलेला घोडा

आई गं. बुक करतोय. कुठलं ते नंतर सांगतो.

चष्मिष्ट

काल रात्रीची गोष्ट. मौनीबाबांच्या त्या खोलीने डोक्यात घर केलं होतं. चिकटपट्टी घेतली आणि दिवाणखान्यात जमिनीवर १.८३ बाय ५.९२ मीटरचा चौकोन आखायला घेतला. सोफा सरकवावा लागला. लांबी मावेना, शेवटचा हातभर तुकडा स्वयंपाकघरात गेला. बायको म्हणाली, गॅसची शेगडी चौकोनाच्या आत येत असेल तर तू खुशाल साधू हो.

सतरंजी टाकून आत बसलोय आणि तिथूनच हा प्रतिसाद लिहितोय. मुलगी येऊन चिकटपट्टीच्या बाहेर थांबली आणि हवेतच टकटक केलं तिने. आत ये म्हटलं, तर म्हणाली, जागा नाहीये.